श्रीखंडाच्या डब्यातला ड्रॅगन

"काही हरवलंय का?"

प्रश्न मागून आला तेव्हा शिवांजली शेटे बांधावरचा एक दगड हातात धरून उभी होती आणि त्याखालचा विंचू, आपलं छप्पर कुणी नेलं म्हणून, नांगी वर करून तिच्याकडं बघत होता. तिनं दगड होता तसा हळूच परत ठेवला. विंचवाशी तिचं काही भांडण नव्हतं.

"कानातलं," ती मागं न वळता म्हणाली.

मग तोच आवाज, जरा जवळून... "दोन्ही कानांत आहेत की."

"तिसरं."

"तिसऱ्या कानातलं?"

आता मात्र वळावंच लागलं. समोर एक उंच, सावळा, चष्मेवाला तरुण उभा होता. चेहऱ्यावर हसू कुठंच नव्हतं, म्हणजे ते आत कुठंतरी दाबून धरलेलं होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मनगटापाशी त्याला टाचणीनं टोचावीत तशी बारीक बारीक भोकं. शिवांजलीनं भोकं बघून ठेवली. तिला बघून ठेवायची सवय होती.

"आणि तुम्ही काय करताय इथं?"

"मी? मी... पक्षी बघतोय."

"दुर्बीण?"

"जवळचे पक्षी बघतो."

तिनं समोरच्या बाभळीकडं बोट केलं. "तो कुठला?"

त्यानं चष्मा वर सरकवला, डोळे बारीक केले, मान तिरकी केली. पक्षीशास्त्राला द्यावा तेवढा सगळा मान दिला. "तो... काळा आहे."

"कावळा आहे तो."

"हां. तेच म्हणणार होतो."

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या डिसेंबरातली. तेव्हा मोबाइलवर फक्त फोन येत असत, आणि आपण नेमके कुठं उभे आहोत हे जाणून घ्यायचं तर जवळच्या माणसाला विचारावं लागे. तो ते सांगून वर चहाही विचारत असे. कळंबा तलावाच्या अलीकडं उसाच्या फडांत गुऱ्हाळं पेटलेली असायची. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा गोड, जाडसर वास दुपारभर अंगाला चिकटून राहायचा. माणूस घरी गेला की घरचे विचारत, "कळंब्याला गेलावतास काय?"

शिवांजलीला त्या वासाचं कौतुक नव्हतं. ती वासातच जन्मली होती. शाहूपुरीत तिच्या आण्णांची गुळाची अडत होती. घरातली भांडणंसुद्धा सौदा चालल्यासारखी मोठ्यानं होत. तिनं भूगोलात एम.एस्सी. केलं होतं आणि आता एका प्राध्यापकांच्या हाताखाली करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं नकाशावर आणायचं काम करत होती. त्यासाठी विभागानं तिला कुलपातल्या कपाटातून एक जीपीएस यंत्र काढून दिलं होतं. "पाडू नकोस" एवढ्या एकाच सूचनेसह.

पण रविवारी ती गुऱ्हाळं मोजत नव्हती. रविवारी ती डबा हुडकत होती.

राजारामपुरीतल्या नेट कॅफेत बसली असताना तिला एक संकेतस्थळ सापडलं होतं. जगभर काही लोक डबे लपवतात, असं त्यावरून तिला कळलं. बाकीचे लोक उपग्रहांच्या मदतीनं ते हुडकतात, आतल्या वहीत नाव लिहितात, एखादी वस्तू घेतात, बदल्यात एखादी ठेवतात, आणि डबा होता तसा लपवून घरी जातात. बस्स. अमेरिकेनं हे उपग्रह क्षेपणास्त्रं नेमकी पडावीत म्हणून आकाशात सोडले होते. जनतेनं त्यांना डबे हुडकायला लावलं. शिवांजलीला हे फार आवडलं. तिनं सहज म्हणून 'कोल्हापूर' टाकलं. अख्ख्या जिल्ह्यात एकच डबा निघाला. लपवणाऱ्याचं नाव 'वृत्र', वेदांत इंद्रानं मारलेल्या अजगराचं. लपवून वर्ष उलटून गेलेलं. शोधणाऱ्यांची संख्या शून्य.

शिवाय जागा सरळ दिलेलीच नव्हती. अक्षांश-रेखांशांचे शेवटचे आकडे कोऱ्या चौकटींत, आणि चौकटींची किल्ली म्हणजे जगभरच्या लोककथांतले सहा ड्रॅगन. चीनच्या बादशहाच्या ड्रॅगनला पंजाला नखं किती? जपानच्या ड्रॅगनला किती? ग्रीकांच्या त्या पाणसापाला डोकी किती, ज्याचं एक तोडलं की दोन उगवतात? रशियाच्या डोंगरातल्याला किती? वेल्सच्या झेंड्यावरचा किती पायांवर उभा आहे? आणि शेवटी, 'आपल्या मातीत, पुरलेल्या धनावर जो वेटोळं घालून बसतो, त्याला डोकी किती?'

तिनं दोन दिवस वाचनालय पालथं घातलं, उत्तरं काढली, आकडे यंत्रात भरले. यंत्रानं तिला कळंब्याजवळ, चिमणाबाईंच्या गुऱ्हाळाच्या बांधावर आणून सोडलं. तिथं विंचू होता. डबा नव्हता.

"येतो मी," तिनं त्या पक्षीवाल्याला सांगितलं. कोल्हापूरच्या मुली 'येते' म्हणत नाहीत.

"पुढच्या रविवारी पण हुडकणार?" त्यानं विचारलं. मग घाईघाईनं, "तिसरं कानातलं?"

"सोन्याचं हाय. सोडतोय व्हय?"

पुढच्या रविवारी तो होता. दुर्बीण घेऊन आला होता. ती उलटी धरत होता.

नाव बसवेश कोरे. मूळचा गडहिंग्लजकडचा, उचगावात खोली घेऊन राहणारा, "एका कारखान्यात" नोकरी करणारा. एवढं कळायला अर्धा तास लागला. ड्रॅगन मात्र त्याच्या तोंडून पाच मिनिटांत बाहेर पडले. शिवांजली नुसती म्हणाली होती, "इथं नाग असतील नाही?"

"असतील. धनावर बसतात ना." तो दगडावर टेकला. "गंमत बघा. युरोपात ड्रॅगन सोन्यावर बसतो, आग ओकतो. चीनकडचा बिचारा पाऊस पाडतो. आणि आपल्याकडं चिक्कू माणूस मेला की पुढच्या जन्मी नाग होतो आणि स्वतःच्याच हंड्यावर येऊन बसतो. म्हणजे आपल्याकडं ड्रॅगन बाहेरून येत नाही. शेजारचाच असतो."

"पक्ष्यांच्या पुस्तकात असतं हे?"

त्यानं दुर्बीण सुलटी केली. मग म्हणाला, "मागच्या पानावर."

"आणि युरोपात त्याला मारून राजकन्या सोडवतात."

"हो. इकडं राजकन्या स्वतःच दगड उलटे करत फिरते."

तिच्या हातून एकच दगड दोनदा उलटा झाला.

दुरून चिमणाबाई हे सगळं बघत होत्या. गुऱ्हाळाच्या मालकीणबाई, कमरेला पदर खोचलेला, आवाज चुलवणातल्या जाळापेक्षा मोठा. हातात पिवळं यंत्र घेऊन बांधावर घिरट्या घालणारी शिकलेली पोरगी, आणि तिच्या मागं दुर्बीणवाला पोरगा. याचा अर्थ कुणीही काढला असता तोच त्यांनी काढला.

"पावणं!" त्या ओरडल्या. "धन गावलं तर बांध माझा हाय, एवढं ध्येनात ठेवा! आणि रस पिऊन जावा. धन गावंना म्हणून तोंड वाळवत बसू नगासा!"

दोघं रस प्यायले. दोघांनाही फेसाच्या मिशा आल्या. त्यानं आपली पुसली, तिची सांगितली नाही. गावात शिरेपर्यंत तिच्याकडं बघून लोक का हसतायत हे तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, हे तिनं बघून ठेवलं.

तिसऱ्या रविवारच्या आधी तिनं एक गोष्ट केली जी विभागात पूर्वी कुणी केली नव्हती. तिनं यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचली.

पृथ्वी गोल आहे यावर सगळ्यांचं एकमत असलं, तरी नेमकी किती आणि कशी गोल यावर नाही. यंत्राला आधी सांगावं लागतं, बाबा, कुठली पृथ्वी धरायची. ते डब्यांचं संकेतस्थळ आणि सगळं जग एक पृथ्वी धरतं. आपले जुने सरकारी नकाशे इंग्रजांनी मोजलेली दुसरीच. विभागाची सगळी कामं त्या नकाशांवर, म्हणून यंत्रही त्या पृथ्वीवर लावून ठेवलेलं. आकडे तेच, पृथ्वी वेगळी, फरक शंभरेक मीटरचा. ड्रॅगन सगळे बरोबर होते. ती चुकीच्या पृथ्वीवर उभी राहून हुडकत होती.

बुधवारी ती एकटीच गेली. यंत्रातली पृथ्वी बदलून घेतलेली. यंत्रानं तिला गुऱ्हाळ ओलांडून नेलं, ओढा ओलांडून नेलं आणि एका जुन्या उंबराच्या बुंध्याशी थांबवलं. मुळांच्या बेचक्यात दगड, दगडाआड श्रीखंडाचा डबा. डब्यात कोरी वही, पेन्सिल आणि बोटभर लांबीचा एक लोखंडी ड्रॅगन. ओतीव. पंख जरा जाड, शेपूट आखूड, चेहरा कुणी रागावलं तर रडेल असा. पोटावर उठावाची छोटी खूण... त्रिकोणात एक अक्षर. कारखाने आपल्या मालावर उमटवतात तशी.

शिवांजली उंबराखाली बसली.

ओतीव लोखंड म्हणजे फाउंड्री, आणि फाउंड्री म्हणजे शिरोली. तिथं भट्टीजवळ उभं राहणाऱ्याच्या बाहीवर ठिणग्या उडतात, आणि ठिणगीनं टाचणीएवढं भोक पडतं. पक्षी बघणाऱ्याच्या बाहीवर पडत नाही.

म्हणजे वृत्र तोच. स्वतःच्या डब्याला कुणी येतंय का हे बघायला दर रविवारी येऊन बसणारा. आणि त्या यंत्राच्या पडद्यावर पृथ्वीचं नाव लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी त्यानं ते वाचलं असणार. सांगितलं नाही. का सांगितलं नाही?

उत्तर तिला लगेच सुचलं, आणि कानापर्यंत गरम झालं.

वहीत नाव लिहायला तिनं पेन्सिल उचलली. मग थांबली. नाव लिहिलं की डबा सापडला. डबा सापडला की रविवार संपले. तिनं पेन्सिल ठेवून दिली. पण एक वस्तू घेतली की एक ठेवायची हा नियम होता, आणि नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती. ड्रॅगन तिनं पिशवीत टाकला. बदल्यात? पिशवीत यंत्र होतं, रुमाल होता, आणि कुठल्याशा गुऱ्हाळवाल्यानं चव बघायला दिलेला गुळाचा खडा होता. गुळवाल्याच्या मुलीला यात काही गैर दिसलं नाही. कागदात नीट गुंडाळून तिनं तो डब्यात ठेवला.

डब्यात खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये, असं त्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. तिनं तेवढंच वाचलं नव्हतं.

रविवारी अवेळी पाऊस आला. डिसेंबरातला, कुणीही न बोलावलेला, चांगला जोराचा. चिमणाबाईंचं रस काढून वाळवलेलं जळणाचं चिपाड उघड्यावर पडलेलं. ते भिजलं तर काहील थंड. "आरं बघत काय उभारलाय! वडा की!" अशी आरोळी आली आणि पुढची पंधरा मिनिटं एक भूगोलतज्ज्ञ आणि एक अभियंता चिपाडाचे भारे छपराखाली ओढत होते. मग दोघं चुलवणाशेजारी उभे राहिले. केसांतून पाणी, अंगावर चिपाडाचा भुसा, समोर पावसाची जाळी, मागं उकळत्या रसाची वाफ. तिच्या भुवईवर भुशाची एक काडी होती. त्यानं हात वर नेला, अर्ध्यातच थांबवला, आणि स्वतःचीच भुवई पुसली.

तेव्हा तिला बोट दिसलं. उजव्या हाताची तर्जनी, लालभडक, केळ्याएवढी सुजलेली.

"बोटाला काय झालं?"

"मुंगळा चावला."

"कुठं?"

"बोटालाच."

"बोट कुठं होतं तेव्हा?"

त्यानं पावसाकडं बघितलं. पाऊस मदतीला आला नाही. "...कामावर."

"कामावर मुंगळे असतात?"

"गोडाच्या मागं कुठंही जातात ते."

शिवांजलीनं बोटाकडं पुन्हा बघितलं. डबा. गूळ. मुंगळ्यांची रांग उंबरापर्यंत गेली असणार, आणि यानं भाबडेपणानं झाकण उघडून आत हात घातला असणार. श्रीखंडाच्या डब्यात गुळाचा खडा ठेवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी कोण असणार! म्हणजे याला कळलंय. डबा सापडलाय हे कळलंय, कुणाला सापडलाय हेही कळलंय.

ती वाट बघत राहिली. आता बोलेल. आता म्हणेल...

त्यानं घसा साफ केला. "पाऊस कमी झालाय. आज कुठल्या बाजूनं हुडकायचं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो चिपाडाकडं बघत होता, आणि कानाच्या पाळ्या तर्जनीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

"वरच्या बाजूनं," ती म्हणाली. "तिकडं राहिलंय."

आणि त्या दुपारी, जो डबा दोघांनीही उघडून बघितला होता तो तिथं नाही हे दोघांनाही ठाऊक असलेल्या चिखलात, त्यांनी तो अतिशय मन लावून हुडकला. इतकं सुंदर शोधकार्य त्या बांधावर पूर्वी झालं नव्हतं.

हैदराबादहून पत्र आलं ते त्याच आठवड्यात. नकाशे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. घरी दोन दिवस सौदा चालला. आण्णांची शेवटची बोली अशी ठरली की एक वर्ष नोकरी कर, हौस भागव, मग निपाणीचं स्थळ आहे त्याला हो म्हणायचं. तंबाखूवाले, घरचे दोन ट्रक, मुलगा बोलायला कमी. शिवांजलीनं मान हलवली. कशाला हलवली ते आण्णांनी विचारलं नाही.

"मंगळवारी नव्हे, पुढच्या मंगळवारी चाललोय मी," तिनं रविवारी बांधावर बसवेशला सांगितलं. निपाणीचंही सांगितलं. ट्रकांसकट. मग हात झटकत, अगदी सहज, "मागं तुम्हीच सांगितलेलं. चिनी लोक म्हणतात, ड्रॅगन चीन सोडून लांब गेला की त्याची नखं गळत जातात. आणि जपानी म्हणतात, जपान सोडला की वाढत जातात. कोल्हापूर सोडलेल्यांचं काय होत असेल?"

बसवेशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हैदराबादला... उकडतं फार म्हणे."

शिवांजली उठली. "येतो," म्हणाली, आणि स्कूटीला किक मारताना तिनं जी मारली ती स्कूटीला उद्देशून नव्हती.

तरीही पुढच्या रविवारी ती आली. शेवटचा रविवार. आज बोलेलच. तिनं खास धुवट पंजाबी ड्रेस घातला होता, उगाच. बाभळीवर कावळा होता. चिमणाबाईंनी रस पाठवला. ऊन तलावाच्या बाजूला कलायला लागलं. तो आला नाही.

फोन करावा तर नंबर नव्हता. पक्षी बघणाऱ्याचा नंबर कशाला मागायचा, आणि कानातलं हुडकणारीचा त्यानं कशाला मागायचा! एवढे रविवार दोघं इतकं नेटानं खोटं बोलले होते, की आता खरं बोलायला लागणारं काहीच जवळ नव्हतं.

पहिल्यांदा तिला रडू आलं. मग शाहूपुरीचं रक्त वर आलं. "पळाला काय? बघतोच," असं म्हणून तिनं स्कूटी फिरवली आणि अख्खं कोल्हापूर आडवं कापून शिरोली एमआयडीसी गाठली. फाट्यावरच्या चहावाल्यापुढं तिनं लोखंडी ड्रॅगन उताणा ठेवला. त्यानं पोटावरची खूण बघितली, ड्रॅगनकडं ढुंकून बघितलं नाही आणि म्हणाला, "पाण्याच्या टाकीम्होरं, उजव्या अंगाला."

रविवार असून कारखाना सुरू होता. फाटकावर कृष्णात नावाचा पहारेकरी होता.

"कुणाकडं?"

"कोरेंच्याकडं."

"कंच्या? हितं तीन कोरे हायत. खरेदीचं, हिशोबाचं, का ड्रॅगनचं?"

"...ड्रॅगनचे."

"मग सरळ जावा. जिथं आवाज लई, तिथं."

आवाज सगळीकडंच लई होता. भट्टी घुमत होती, साचे फोडणारं यंत्र दणादण आपटत होतं, घासणाऱ्या चाकांतून ठिणग्यांचे फवारे उडत होते. आणि मधोमध, पिवळी टोपी घातलेला, काजळी फासलेला बसवेश, तिच्याकडं बघून दगड झालेला.

"का आला नाहीस?" ती ओरडली. 'तुम्ही' कुठं गळून पडलं ते कळलंही नाही.

"काय?"

"आला का नाहीस!"

"सुट्टी बदलली! लोडशेडिंग! रविवारचा सोमवार केला! कालच... कळलं! तुला कळवायला माझ्याकडं..." पुढचं यंत्रानं खाल्लं.

"मी परवा चाललोय!"

"काय?"

"हैदराबादला! परवा!"

"ऐकू येत नाही! बाहेर..."

शिवांजलीनं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या सौद्याच्या गलक्यात गुळाचा भाव ऐकू घालणारा तो आवाज बाहेर काढला.

"मला तू आवडतोस, खुळ्या!"

आणि नेमकी मधेच वीज गेली.

'मला तू' एवढं कारखान्यानं गिळलं. 'आवडतोस, खुळ्या' हे मात्र पत्र्याच्या छपराखाली, अचानक पडलेल्या लख्ख शांततेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि परतही आलं. पन्नास माणसं हातातलं काम धरून उभी राहिली. कुणीतरी खोकलं. शिवांजलीनं डोळे उघडलेच नाहीत.

"साहेब! भट्टी!"

वितळलेलं लोखंड भट्टीत असताना वीज गेली, तर ते थिजायला कुणाच्या प्रेमाची वाट बघत नाही. बसवेश तिच्याकडं एक पाऊल आला, दोन पावलं मागं गेला. "थांब. जाऊ नकोस. थांब!" म्हणत उलटाच पळाला. "जनरेटर मारा! पाणी चालू करा! लाडल इकडं, इकडं!" मग जनरेटरकडं, पाण्याकडं, लोखंड ओतायच्या त्या मोठ्या पळीकडं सगळेच पळाले. तांबूस उजेडात तो ओरडताना, हात दाखवताना, घामानं निथळताना दिसत होता. कावळा न ओळखणारा माणूस इथं एकेका माणसाला नावानं हाक मारून नेमक्या जागी उभा करत होता. तिला वाटलं, हा माणूस बांधावर सगळा आलाच नव्हता.

कुणीतरी तिला स्टूल आणून दिलं. कुणीतरी टोपी दिली. ती टोपी घालून स्टुलावर बसली, आणि परवा जाणारी माणसं बसतात तशी बसून राहिली.

तो आला तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा काळा होता.

"तुझं यंत्र चुकतंय, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "पडदा दिसला मला."

"माहितीय."

"डबा माझा आहे."

"माहितीय."

"जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथं हा नाद लागला. इकडं येऊन डबा ठेवला. वर्षभर कुणी आलं नाही. रोज साइट उघडून बघायचो, शून्य. आणि मग पहिल्यांदा कुणीतरी आलं, ते तू होतीस." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "सांगितलं असतं तर तुला डबा सापडला असता. आणि तू गेली असतीस."

"नाही सांगितलंस तरी मी चाललोच की."

"हो. ते... ते मला मागच्या रविवारपासून कळतंय."

"मग? आता नवीन काय आहे सांगायला?"

त्यानं श्वास घेतला. ओठ हलले... आणि वीज आली. भट्टी घुमली, यंत्र आपटायला लागलं, चाकं किंचाळली. तो बोलत होता. शब्द न्‌ शब्द तिला त्याच्या ओठांवर दिसला. स्वच्छ, छापल्यासारखा.

तिनं कानामागं हात नेला. "काय?"

तो पुन्हा बोलला. मोठ्यानं.

"काय?"

तिसऱ्यांदा तो शिरा ताणून ओरडला, आणि तरीही ती मान हलवते म्हटल्यावर लाडल धरलेल्या गणपतराव नावाच्या कामगाराचा संयम संपला. "अवो ताई, तुमी आवडतासा म्हणत्यात सायेब! तीनदा झालं! आमाला कळलं, तुमाला कसं न्हाय कळत!"

"आता कळलं," ती म्हणाली, आणि हसली, आणि डोळे पुसले, तिन्ही एकदमच.

"मी हैदराबादला जाणार आहे," फाटकापाशी आल्यावर तिनं बजावलं.

"जा की. थांब म्हटलं का मी?"

"आणि निपाणी?"

"निपाणीला वर्ष आहे ना. मी या सोमवारी घरी येतो. उद्या. सुट्टी आहे." मग जरा चाचरत, "आण्णा... रागीट आहेत?"

"मोठ्यानं बोलतात नुसते. तुला सवय आहे."

त्यानं हात पुढं केला. काळा, तेलकट, तर्जनीवरची सूज अजून पुरती न उतरलेला. आजूबाजूला पहारेकरी, दोन ट्रक, चहाचा गाडा आणि भर उजेड होता. तिनं तो हातात घेतला आणि जेवढा वेळ धरवला तेवढा धरून ठेवला.

घरी पोचली तेव्हा रत्नव्वा, तिची आई, ओसरीवर सामान बांधत बसली होती. लोणचं, चटणी, अंथरूण. हैदराबादला अन्नपाणी मिळत नाही अशा हिशोबानं. तिनं वर बघितलं, आणि नजर मुलीच्या उजव्या हातावर थांबली. तळहात काळा. बोटांमधल्या बेचक्याही काळ्या.

"हे काय गं? कशात हात घातलास?"

"अव्वा, मला काहीतरी सांगायचंय."

आतून आण्णांच्या जपमाळेचा आवाज थांबला.

"सांग की. पण आधी हात धुऊन ये," रत्नव्वा म्हणाली. "मग बस आणि नीट सांग."

शिवांजलीनं हाताकडं बघितलं, न्हाणीघराकडं बघितलं. मग तशीच, न धुतलेला हात मांडीवर ठेवून, आईसमोर बसली आणि सांगायला लागली.